धारवाडहून येणारा कोकोचा डबा

अक्का, आज दुपारी मी तुझ्या कोकोची पावडर केली आणि सगळा वेळ चोरासारखी दाराकडे बघत राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पमे, कोको करालीस की बँक लुटालीस गे?" पण तू नाहीस, आणि तू नाहीस हेच आईला कळू द्यायचं नाहीये.

होय, आईला अजून सांगितलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला रागवायचं असेल तर सुरुवातीलाच रागावून घे. दाजींचा फोन आला त्या सकाळी दिवाळीचा आकाशकंदील अजून दारात लटकत होता. अण्णा आणि मी आईला काहीबाही सांगून धारवाडला धावलो. अण्णानं दुकानाचं काम सांगितलं, मी शाळेची तपासणी. वहिनी आईजवळ राहिली. तुझ्या स्वयंपाकघरात शेगडीवर दुधाचं पातेलं तसंच होतं, कुणीतरी नुसता गॅस बंद केला होता. संध्याकाळी तुझ्याच न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेऊन मी परत आले, तर आईनं विचारलं, "केस ओले कशानं गे तुझे, ह्या वेळेला?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं, शाळेतल्या नळाखाली धरलं. इतक्या सहज ते तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

आपल्या घरात सध्या तू कॅनडाला आहेस. तुझ्या निखिलची बायको जिन्यावरून पडली, तिचा पाय मोडला, म्हणून तुला एकाएकी विमानात बसावं लागलं. ही गोष्ट अण्णानं रचली. दिवसभर दुकानात बसून गिऱ्हाइकांना "रंग जाणार नाही" म्हणून सांगणारा माणूस, पण आईपुढे हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. निखिल तेव्हा तुझे दिवस करायला धारवाडात येऊन पोचला होता, आणि इथं आम्ही तुला त्याच्याकडे धाडत होतो.

"मला न भेटता गेली?" आई म्हणाली.

"तू झोपली होतीस," अण्णा म्हणाला.

आई "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्या "बरं"ची मला इतकी भीती बसली की पुढे कितीतरी वेळ मी तिच्या खोलीत गेलेच नाही, वहिनीलाच पाठवत राहिले.

कारण तुला ठाऊक आहे. तिला मागे झटका आला तेव्हा डॉक्टरांनी आपल्या तिघांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, हृदय फार थकलंय, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. डॉक्टर कदाचित सगळ्यांनाच तसं सांगत असतील. पण अण्णाच्या डोक्यात ते पक्कं बसलं, आणि माझ्याही. तू गेलीस त्या दिवसापासून मला एकच दिसतंय, की माझ्या तोंडातून एक वाक्य निसटलं आणि आई त्याच जागी कोसळली. एका पाठोपाठ दुसरी. मग मी काय करू, सांग. म्हणून मी तोंड मिटून वावरते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, वर्गात मुलांना पाढे घेतानासुद्धा मी मनातल्या मनात तपासत असते, आज आईशी बोलताना तुझ्याबद्दल "होती" तर नाही ना म्हटलं.

संध्याकाळ सगळ्यात वाईट. तुझ्या फोनची वेळ. पूर्वी आई त्या वेळेला चष्मा लावून बसायची, जसं काही तू फोनमधून दिसणार होतीस. आता फोन वाजला की मी आणि वहिनी दोघी एकदम उठतो. कुणी लांबची मावशी थेट आईलाच "फार वाईट झालं गे" म्हणेल, म्हणून अण्णानं आईचा फोन बिघडल्याचं सांगून दुकानात नेऊन ठेवलाय. गेटची कडी वाजली की वहिनी पायात चप्पल न घालता पळते. देशपांडे नगरात निम्मी माणसं आपल्या ओळखीची, ह्याचा अप्पांना केवढा अभिमान होता. आता वाटतं, कुणी ओळखीचं नसतं तर बरं झालं असतं. तुझ्यासाठी रडायला आलेल्या बायकांना आम्ही गेटवरूनच, कुजबुजत, परत पाठवलं. तुझ्या माहेरात तुझ्यासाठी मोठ्यानं कुणी रडलेलंच नाही, अक्का. मीसुद्धा नाही. आई दुपारी झोपली की मी दाराशी उभी राहून तिच्या छातीवरची चादर हलते की नाही ते बघते, आणि हलताना दिसली की परत कामाला लागते.

मी पहिल्यापासूनच घाबरट. तुझ्याएवढं ते कुणाला ठाऊक नाही. आठवतंय, माझी दाढ दुखत होती आणि मी डॉक्टरच्या जिन्यातूनच परत फिरत होते? तू माझा हात धरून आत नेलंस आणि मला धीर यावा म्हणून "आधी माझे दात बघा" म्हणत स्वतः खुर्चीत जाऊन बसलीस. डॉक्टरांनी बघितलं आणि तुझीच दाढ काढली. माझ्या दाढेला नुसती गोळी. बसस्टॉपवर गालात कापूस धरून तू माझ्याकडे असं काही बघितलंस की मी घाबरायचं विसरून हसत सुटले. माझी भीती तू नेहमी अशी अर्धी वाटून घ्यायचीस. हे एवढं मोठं भय मात्र तू सगळंच्या सगळं माझ्याकडे टाकून गेलीस, म्हणून मला तुझा रागही येतो.

आणि आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. मागच्या थंडीत, धारवाडला तुझ्या मागच्या खोलीत, आपण दोघी कोको चाळत बसलो होतो तेव्हाचं. अप्पांचा विषय निघाला. अप्पांचा आजार अण्णानं आईपासून लपवला होता, आणि आपण दोघींनी मान डोलावली होती, ते तुला कधी पचलंच नाही. "नवरा तिचा, आणि तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं," तू म्हणालीस. मी म्हटलं, जाऊ दे आता, झालं ते झालं. तर तू चाळणी खाली ठेवलीस.

"माझं काही झालं तर असलं नाटक करू नका गे. आईला सरळ सांगा. ती आपल्या सगळ्यांपेक्षा खंबीर आहे."

"अभद्र बोलू नकोस. चाळ गप."

"बघ की. मी सांगितलेलं ध्यानात ठेव."

"तू आधी नाक पूस," मी म्हटलं. तुझ्या नाकाच्या शेंड्याला कोको लागला होता. तू हसलीस, माझ्या बसची वेळ झाली, आणि भांडण तिथंच राहिलं. मी ते अजून एकटीच भांडतेय. तुला काय जातं बोलायला, मी म्हणते. खंबीर होती ती तेव्हा. आता तिला उठून बसताना धाप लागते, ओठ काळेनिळे पडतात. तू असतीस तर तू सांगितलं असतंस, आणि तुला ते जमलंही असतं. आईला असलं काही नीट सांगू शकेल असं घरात एकच माणूस होतं, आणि ते तू होतीस. बातमीही तुझीच निघाली, त्याला मी काय करू?

असं सगळं चाललं होतं, आणि त्यात थंडी पडली.

गेटवर भाजीवाली "चळी भाळ ऐती" म्हणत पदर कानावरून गुंडाळून घ्यायला लागली. आईची बोटं गार पडायला लागली. एका संध्याकाळी मी तिचे पाय चोळत होते, तर ती म्हणाली, "इंदूचा डबा आला नाही अजून?"

माझे हात थांबले. "करून ठेवलाय म्हणे जाताना. दाजी पाठवणार आहेत."

"कधी?"

"ह्याच आठवड्यात."

मी तिचे पाय इतक्या जोरानं चोळले की तिनं ते ओढून घेतले.

खरं म्हणजे बाजारातून कोकोचा तयार डबा आणून दिला असता तर? हा विचार माझ्या मनात आला, तुझ्यापासून काय लपवायचं. तयार डब्यावरूनच तर आपली वर्षानुवर्षं जुंपायची. मी म्हणायची, सगळं एकच असतं, उगीच कशाला राबतेस. तू म्हणायचीस, "त्यात साखरच साखर. कोको नावाला. पैसे देऊन साखर कशाला आणायची?" हे सगळं दाजींमुळे सुरू झालं होतं. ते बेलूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे, धारवाडच्या धुक्यात, स्वेटरवर स्वेटर घालून. त्यांना चहा सोसायचा नाही. म्हणून तू अशी पावडर शोधून काढलीस की जिला नुसतं गरम पाणी पुरेल, दूध तापवत बसायला नको. दाजी पेल्यात ढवळून प्यायचे, मग पाळीतले सगळेच मागायला लागले, आणि तुझ्या डब्यांचा आकार वाढत गेला. आईचा चहा बंद झाल्यावर तिलाही तू त्यात ओढलंस. ती पहिल्यांदा काय म्हणाली होती? "औषधासारखा रंग आहे की गे." आणि पुढच्याच थंडीत डबा यायला जरा उशीर झाला तर रुसून बसली.

आईची जीभ काय आहे ते तुला माहीत आहे. डोळे अधू झाले, पण आमटीत गूळ कुणी घातला, वहिनीनं की मी, ते ती पहिल्या घासाला सांगते. बाजारचा डबा तिच्यापुढे ठेवला असता तर तिनं विचारलं असतं, इंदूनं हे कधीपासून सुरू केलं? आणि मग पुढचा प्रश्न, आणि त्याच्या पुढचा. म्हणून तुझ्यासारखा करायचा, अगदी तुझ्यासारखा, एवढंच राहिलं.

शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर मी दुर्गदबैलच्या बाजारात गेले. हातगाड्यांच्या आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत, आपल्या दुकानासमोरून न जाता मागच्या बाजूनं, म्हणजे अण्णाला दिसायला नको. केकचं सामान मिळतं त्या तुझ्या नेहमीच्या दुकानात सुटा कोको मागितला. तू करायचीस तसा चिमूटभर बोटांवर चोळून बघितला. बोटं पुसली तरी रंग राहिला पाहिजे, असं तू म्हणायचीस. रंग राहिला. दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "अक्कारु बंदिल्लेन्रि?" अक्का नाही आल्या?

मी म्हटलं, "अक्का तीरिकोंडरु."

गेल्या, असं. अक्का, इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. मराठीत ते माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही. कन्नडात निघालं, परक्या माणसापुढे, कोकोची पुडी बांधून व्हायची वाट बघत. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली आणि हात जोडले. मला तिथंच रडू फुटलं. दुकानात उभ्या असलेल्या बाईनं मला आपल्या जागेवर बसवलं. आणि रडता रडताच मनात आलं, की हा माणूस अण्णाच्या ओळखीचा, उद्या हा घरी भेटायला आला तर? मी डोळे पुसून त्याला तीनतीनदा बजावलं, घरी येऊ नका, आमच्या आईला ठाऊक नाही.

आज आभाळ स्वच्छ होतं. ढगाळ दिवशी करायचं नाही, दुधाची पावडर ओल धरते, हे तुझं. आई जेवून झोपली. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. साखर वेलदोड्यांसकट मिक्सरला फिरवली, मिक्सर बंद केल्यावर धुरळा खाली बसेपर्यंत झाकण उघडलं नाही. मीठ तव्यावर गरम करून घेतलं. कॉर्नफ्लोअर मंद आचेवर, रंग बदलू न देता, नुसता कच्चा वास जाईपर्यंत. सुंठ, जायफळ. तू करताना मी इतकी वर्षं समोर बसून बडबड करत होते, तरी हात बरंच काही शिकला होता म्हणायचं. फक्त एक चुकलं. घाईत कॉर्नफ्लोअर गरम असतानाच दुधाच्या पावडरीत ओतलं, आणि सगळ्याच्या गुठळ्या झाल्या. मी त्या गुठळ्यांकडे बघत बसले. "थांब की जरा, तुला कोण मारालंय?" हे तू मला किती वेळा म्हणाली असशील. तो घाणा बाजूला ठेवून मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. आई उठेल म्हणून ह्या वेळी मिक्सरवर जाड फडकं दाबून धरलं.

चाळून झालं, डब्यात भरलं, आणि मग माझी पंचाईत झाली. पावडर एकजीव करायला तू कधी चमचा घातला नाहीस. डब्याचं झाकण घट्ट लावून फडक्यात गुंडाळायचा, तू बोळाच्या ह्या टोकाला बसायचं, मी त्या टोकाला, आणि डबा जमिनीवरून एकमेकींकडे लोळवत राहायचं. पोरखेळच तो. पण पावडर मात्र अशी मिसळायची की कुठल्याही चमच्याला तीच चव. आईला खोकला व्हायला लागल्यापासून तू ते धारवाडलाच करून आणायला लागलीस, त्याआधी आपल्याच घरात, देवघरापुढच्या बोळात करायचो आपण. मी तिथं बसले आणि डबा सोडला. तो लोळत गेला आणि भिंतीला आपटला. उठून आणला, पुन्हा सोडला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा वहिनी खोलीतून बाहेर आली. जाऊन भिंतीशी बसली, दोन्ही हात पुढे धरले, आणि डबा माझ्याकडे परत लोळवला. आम्ही दोघी बराच वेळ तसं करत होतो. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात डब्याला लागत होते.

मग तिनं थोडा कोको करून चाखला. "जायफळ कमी आहे. वन्सं जास्त घालायच्या," म्हणाली. किसणीवर जायफळ घेतलं, परत मिसळलं, परत चाखलं. आता वहिनीनं मान हलवली. मला मात्र काही कळेनासं झालं होतं, जीभच सुकली होती.

चार वाजता पेला घेऊन मी आईच्या खोलीत गेले. "डबा आला," म्हटलं. तिला उशीला टेकवून बसवलं, पेला तिच्या हातात दिला आणि माझा हात त्याखाली धरून ठेवला. तिनं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेच्या निकालाच्या वेळी नाही, अप्पांच्या खोलीबाहेर नाही, कधीच मला असं भ्यायला झालं नव्हतं. ती सगळा कोको प्याली, सावकाश, तळाचा साका फिरवून तोही प्याली, आणि पेला माझ्याकडे दिला.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "पण पाठवलेला डबा घरात लोळवायला कशाला लागतो गे?"

मी म्हटलं, "ते... वाटेत खाली बसला असेल म्हणून..."

"पमे. बस इथं."

मी बसले.

"देसाईनं तीन दिवस पूजा केली," आई म्हणाली.

वरच्या मजल्यावरचे भाडेकरू देसाईकाका. सुतकात आपण देवाला शिवत नाही, आणि देव बिनपूजेचे ठेवायचे नाहीत, म्हणून अण्णानं त्यांना सांगितलं होतं. आईला म्हणाला, मला सर्दीताप आहे, डॉक्टर अंघोळ नको म्हणतात. आम्ही फोन लपवला, बायका परतवल्या, ओल्या केसांचं कारण शोधलं, निखिलच्या बायकोचा पाय मोडला. पण सुतक मोडायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तेवढं एक आम्ही नेमानं पाळलं, आणि देवघर आईच्या उशाशी.

"अण्णाला ताप होता, आणि रोज सकाळी बाहेर जायला बरा होता," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी तोच पूजेला बसला. भाऊबंदांतलं कुणी असतं तर दहा दिवस लागले असते. तीन दिवसांचं ह्या घरात कुणाचं असतं, मला ठाऊक नाही होय? लेकीचं. मला लेकी दोन. त्यातली एक तर औषध घेऊन समोर उभी होती."

अक्का, मी तिचं मनगट धरलं. उत्तर द्यायला नाही, नाडी बघायला. मला वाटलं, आता. आता होणार. तिची नाडी चालू होती, नेहमीसारखी, जरा अडखळत. तिनं माझा हात बाजूला केला.

"काय बघालीस? तेव्हा नाही मेले, आता कोको पिऊन मरू?"

मग तिनं विचारलं, "त्रास झाला का तिला?"

मी म्हटलं, नाही, दूध तापवत होती, दाजी पेपर आणायला गेटपर्यंत गेले तेवढ्यात.

"हिरवी नेसवली ना?"

"हिरवीच. तू दिलेली. ओटी भरली. मी भरली."

आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तोंडात पदर कोंबून रडले, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. जिला आम्ही सांभाळत होतो, ती. तू म्हणाली होतीस ते खरं होतं. भांडण तू जिंकलीस. मला जिंकायचं होतं असं नाहीच, तू समोर असायला हवी होतीस, एवढंच.

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? तुम्ही सगळे असे भेदरलेले. अण्णा तर दुकानातून आला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मी आहे की गेले. म्हटलं, आधी ह्यांना सावरू दे." ती थांबली, तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं. "अण्णाला सांगू नकोस हे. त्याला वाटतं तो मला जपालाय. त्यावरच तो उभा आहे. इंदूच्या पाठीवरचा तो, तिच्या मागं मागं फिरून मोठा झाला. एवढं त्याच्याकडे राहू दे."

म्हणून आता नवीनच भीती. पूर्वी मला आईपासून लपवायचं होतं, आता अण्णापासून लपवायचं आहे की आईला कळलंय. आणि आईचं ते थकलेलं हृदय अजून तसंच आहे, ती एकटी भिंतीकडे तोंड करून किती रडली असेल ते मला माहीत नाही, आणि उद्या सकाळी चादर हलताना दिसेल की नाही हेही नाही. भीती गेलेली नाही, अक्का. फक्त आता त्या खोलीत आम्ही दोघी आहोत.

अण्णा मघाशीच दुकानातून आला. चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावला आणि कुजबुजत विचारलं, "दिलास? काही कळलं नाही ना तिला?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आईचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिनं कितीतरी दिवसांत काढला नव्हता.

"कोण, अण्णा आला होय? अरे, इंदूचा कोको आला बघ आज. झकास झालाय. तिला फोन लागला की सांगा, डबा पोचला म्हणून."

अण्णानं भिंतीला हात टेकला. "सांगतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, घसा साफ करत, "तूच सांग गे," म्हणाला, आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला.

म्हणून सांगतेय. अक्का, डबा पोचला.